थोरल्याचं जाऊळ

आमच्या कुळात थोरल्याचं जाऊळ निघाल्याशिवाय धाकट्याच्या डोक्याला कात्री लागत नाही. हा नियम कोणी केला, कधी केला, हे कोणालाच ठाऊक नाही. त्यामुळे तो बदलायचा झाल्यास अर्ज कुठे करावा तेही कळत नाही. जाऊळ म्हणजे पोराचे जन्मापासूनचे पहिले केस. पिंपळनेरच्या पुढे आमच्या देवीचं ठाणं आहे. तिथे पहिल्या, तिसऱ्या नाहीतर पाचव्या वर्षी पोराला मामाच्या मांडीवर बसवून ते काढायचे, आत्याने पदरात झेलायचे, आणि मग सगळ्या भाऊबंदांनी वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी हाणून, एकमेकांच्या बांधाबद्दल कुजबुजत घरी जायचं. पिढ्यान्‌पिढ्या हे बिनबोभाट चाललं होतं. ज्यांचे केस जात ते बोंब मारत, पण त्यांचं वय बघता कोणी मनावर घेत नसे.

भानगड झाली ती आमच्या भाऊबंदकीतला या पिढीचा थोरला हॉलंडमध्ये जन्मला तेव्हा. माझा मुलगा कुंदन आइंडहोव्हन नावाच्या गावी नोकरी करतो. सूनबाई पुनम धुळ्याची, तीही तिकडे नोकरी करते. त्यांचा मुलगा नवीन. पहिल्या वर्षी त्याच्या पासपोर्टाचं जमलं नाही. तिसऱ्या वर्षी तिकिटं काढली आणि पोराला कांजिण्या आल्या. आता पाचवं लागलं होतं, म्हणजे शेवटची गाडी. मीच दर रविवारी फोनवर बजावत होतो, "त्याच्या केसांना कात्री लावू नका हं." त्यांनी माझं ऐकलं. आईबापांचं ऐकणारी मुलं अजून आहेत याचा मला अभिमान वाटला. त्या अभिमानापायी नवीनचे केस कमरेपर्यंत आले, त्याच्या दोन वेण्या झाल्या, आणि तिकडे पोरांनी केस वाढवले तर कोणी वळूनही बघत नाही म्हणे, त्यामुळे त्याला त्या वेण्या फार आवडायला लागल्या.

इकडे त्याच्या मागे रांग लागली होती. असोद्याचा माझा चुलतभाऊ रुपचंद, केळीवाला, त्याचा नातू तिसऱ्या वर्षात होता. आणखी दोन घरची पोरं ताटकळत होती. रुपचंद दर भेटीला मला ऐकवायचा, "भाऊ, तुना नातूना पायी मना नातू पोरगी बनी गया. बालवाडीमा बाई त्याले पोरीसना रांगमा उभी करस." त्याच्या सुनेने तर सांगून टाकलं होतं की या खेपेला नाही निघालं तर ती स्वतःच मुलाला सलूनमध्ये नेईल, मग कूळ काय म्हणायचं ते म्हणो. मी भाऊबंदकीत वयाने सगळ्यात मोठा. मी सगळ्यांना शब्द देऊन बसलो की या डिसेंबरात नवीनचं जाऊळ निघणार म्हणजे निघणार. दीपनगरच्या वीज केंद्रात सारी हयात कंट्रोल रूममध्ये काढलेला माणूस मी. चालतं युनिट बंद करण्याचे निर्णय घेतलेत. चार वर्षांच्या पोराच्या केसांचा निर्णय तो काय!

मंडळी जळगाव स्टेशनवर उतरली. मी हात पसरून पुढे झालो तर नवीन एक पाऊल मागे सरला आणि स्वच्छ मराठीत म्हणाला, "नको, थँक यू."

"आबा, आधी विचारा त्याला," कुंदन म्हणाला, "मिठी मारू का म्हणून."

स्टेशनवर हमाल होते, रिक्षावाले होते, ओळखीचे दोन जण सोडायला आलेले होते. सगळ्यांदेखत मी, हिलाल पाटील, माझ्याच नातवाला विचारलं, "मिठी मारू का?" त्याने विचार केला आणि म्हणाला, "उद्या." मी त्याची बॅग उचलली. बॅगेने काही हरकत घेतली नाही.

आमच्या गल्लीत पोराचा गाल ओढणं म्हणजे 'कसा आहेस' म्हणण्यासारखं असतं. आल्या आल्या शेजारपाजारच्या बायका जमल्या आणि नवीनने प्रत्येकीला "नको, थँक यू" सांगून परत पाठवलं. समोरचे झुलालभाऊ, एसटीत कंट्रोलर होते, सल्ला हा त्यांचा निवृत्तीनंतरचा पूर्णवेळ व्यवसाय आहे, ते म्हणाले, "भाऊ, पोरगं आहे की मॅनेजर? आमचे डेपो मॅनेजरसुद्धा इतकं नाही म्हणत नव्हते."

संध्याकाळी सात वाजता पोराला झोपवायला नेलं. तेही वेगळ्या खोलीत, एकट्याला. माझी बायको सुलक्षणा नातवाला कुशीत घ्यायला महिनाभर आधीपासून गोधडी उन्हात टाकत होती. ती गोधडी घडी करून ठेवताना तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू हॉलंड देश मीच वसवलाय. माझी आई भिकुबाई, नव्वदीच्या घरातली, खाटेवरून हे सगळं बघत होती. तिला अहिराणीशिवाय काही येत नाही आणि नवीनला अहिराणी येत नाही. त्यामुळे घरात त्या दोघांचंच तेवढं कुणाशी भांडण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी कुंदनला कार्यक्रम सांगितला. गाड्या ठरल्या, आचारी ठरला, ठाण्याच्या ट्रस्टकडे जागा सांगून ठेवली, पुनमचा भाऊ नवल धुळ्याहून येणार, मामाच्या मांडीचा प्रश्न मिटला. कुंदनने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आबा, पण नवीनला विचारलं का?"

"काय विचारायचं त्यात?"

"केस त्याचे आहेत ना."

मी त्याला शांतपणे सांगितलं की केस तुझेही होते, माझेही होते, आणि आपल्या दोघांनाही कोणी विचारलं नव्हतं. तू तर देवीसमोर मामाच्या धोतरावर मुतला होतास. कुंदन हसला, पण हलला नाही. मग मी पुनमकडे वळलो. पुनम समजूतदार आहे, मला ती आपली बाजू घेईल असं वाटलं.

"आबा, जाऊळ व्हावं असं मलाही वाटतं," ती म्हणाली. "माझ्या माहेरचे सगळे येणार आहेत. पण तो रडत असताना चार जणांनी धरून ठेवलेलं मला चालणार नाही. तिकडे बालवाडीत त्याला शिकवलंय, आपल्या अंगाला कोणी हात लावायचा ते आपण ठरवायचं. नको म्हटलं की समोरच्याने थांबायचं. घरच्यांनीच हे मोडलं, तर उद्या बाहेर कोणी त्रास दिला तर तो नको म्हणेल का?"

उत्तर नसलं की मी आवाज चढवतो, पण समोर सून होती, म्हणून मी चहा मागितला.

मग आम्ही रीतसर विचारायला बसलो. मी, सुलक्षणा, कुंदन, पुनम आणि बोलावलं नसताना आलेले झुलालभाऊ. समोर नवीन, वेण्या पुढे घेऊन.

"नवीन," मी म्हणालो, "आपण देवीला तुझे केस द्यायचे का?"

"का?"

"तिला पाहिजेत."

"तिला केस नाहीत?"

"आहेत की. लांबसडक आहेत."

"मग माझे कशाला?"

झुलालभाऊ खोकले. सुलक्षणाने त्याला सांगितलं की केस दिले म्हणजे देवी सांभाळते. त्यावर त्याने विचारलं, मग आत्ता कोण सांभाळतंय? "आईबाबा," पुनम म्हणाली. "मग ठीक आहे," म्हणून तो उठून खेळायला गेला. बैठक संपली. माझ्या आयुष्यात युनियनशी वाटाघाटी याहून लवकर फिसकटलेल्या मला आठवत नाहीत.

आता शब्द माझा आणि केस त्याचे, अशी अवस्था झाली. गल्लीत बातमी पसरली आणि सल्ले सुरू झाले. कोणी म्हणालं, झोपेत उरका. कोणी म्हणालं, गाडीत बसवून फिरवा, डुलकी लागली की मशीन चालवा. झुलालभाऊंनी सुचवलं की पोराला भीती केसांची नसते, न्हाव्याची असते; तेव्हा त्याला आधी न्हाव्याची ओळख करून द्या. हे मला पटलं. मी त्याला आमच्या कोपऱ्यावरच्या सुकलालच्या दुकानात नेलं. सुकलाल माझे केस वर्षानुवर्षं कापतो. माझे केस, सांगायला हरकत नाही, या वयातही दाट आहेत, आणि मिशीबद्दल तर दीपनगर कॉलनीत एकेकाळी बोललं जात असे.

मी खुर्चीत बसलो, नवीन बाकावर. सुकलालने नेहमीप्रमाणे कटिंग केली, आणि नेहमीप्रमाणे शेवटी तेल घालून डोक्याची मालिश सुरू केली. त्याची मालिश म्हणजे दोन्ही हातांनी टाळूवर थाप, मग मानेवर थाप, मग मान धरून एकदा डावीकडे कडाक, एकदा उजवीकडे कडाक. पहिल्या कडाकबरोबर नवीन ओरडला. तो धावत आला, सुकलालच्या आणि माझ्यामध्ये उभा राहिला आणि हात वर करून म्हणाला, "थांब! तू आबाला विचारलं का?"

दुकानात दाढीला बसलेले दोघं फेस लावलेल्या तोंडांनी वळले.

"भाऊ, हाऊ काय म्हनी ऱ्हायना?" सुकलालने विचारलं.

"मारू नको त्याला," नवीन म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. मला लाज वाटली की बरं वाटलं, हे मला अजून नक्की सांगता येत नाही. माझ्यासाठी कोणी मध्ये पडल्याला फार वर्षं झाली होती. घरी येताना त्याने आपणहून माझं बोट धरलं. मी त्याला म्हणालो, "घाबरू नको. तिथे देवीपाशीसुद्धा तू हो म्हटल्याशिवाय तुझ्या केसांना कोणी हात लावणार नाही. आबाचा शब्द." शब्द द्यायची मला सवयच आहे. पण मनात मी म्हणत होतो, माझं बोट धरणारं पोर मला नाही कशाला म्हणेल? तिथे ढोल वाजेल, मामा येईल, पेढे येतील, म्हणेल हो.

जाऊळाच्या दिवशी चार गाड्या निघाल्या. ओळखीचा चेहरा असावा म्हणून सुकलालला पेटीसह बरोबर घेतला. झुलालभाऊ फोटो काढायला आले, म्हणजे त्यांनी तसं जाहीर केलं. आईला मी मधल्या गाडीत उशा लावून बसवलं. धुळ्याला नवल आणि पुनमच्या माहेरची मंडळी सामील झाली. ठाण्यावर पोचलो तर रुपचंद आधीच येऊन बसला होता. त्याच्या नातवाच्या डोक्यावर लाल रिबिनीचं फूल होतं आणि तो कोणाशीच बोलत नव्हता.

ट्रस्टच्या टेबलावर पहिली अडचण आली. तिथला कारकून पोराचं आधार मागू लागला. मी म्हणालो, त्याचं आधार नाही, तो परदेशात राहतो. कारकून म्हणाला, आधार नसेल तर पावती निघणार नाही, कॉम्प्युटर पुढे जात नाही. मी म्हणालो, अरे, देवी काय आधार बघून केस घेते का? तो म्हणाला, देवीचं मला माहीत नाही, मी ट्रस्टचा आहे. शेवटी त्याने माझं आधार घेतलं आणि पावती दिली: जाऊळ विधी, हिलाल पाटील, वय सहासष्ट. मागे रांगेतले लोक वाकून बघायला लागले म्हणून मी ती घाईने खिशात घातली.

ढोल वाजला. नवल नवं धोतर नेसून मांडी घालून बसला. माझी मुलगी सारिका नाशिकहून आली होती, तिने आत्या म्हणून पदर पसरला. सुकलालने पेटी उघडली. आणि सगळी गर्दी नवीनकडे बघू लागली. कुंदन त्याच्यासमोर उकिडवा बसला.

"नवीन, काढायचे का केस?"

नवीनने सुकलालकडे पाहिलं, वस्तऱ्याकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे बोट केलं. "आधी आबा."

सगळे हसले. मीही हसलो आणि सुकलालला म्हणालो, "मार रे दोन कात्र्या."

"तसं नाही," नवीन म्हणाला. "सगळे. मग मी बघेन."

हसू थांबलं. आमच्याकडे मोठ्या माणसाने डोकं केव्हा करायचं ते ठरलेलं आहे. बाप गेला की करायचं, आई गेली की करायचं. बाप गेला तेव्हा मी केलं होतं. आणि माझी आई तिथे प्लास्टिकच्या खुर्चीत शाल पांघरून बसली होती. नवल म्हणाला, "आबा, जिवंत आईसमोर? असं कुठे असतं का?" सुलक्षणाने माझा हात धरला. सारिका म्हणाली, "आबा, काहीतरीच काय." रुपचंदने मात्र नुसतं आपल्या नातवाच्या रिबिनीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. सगळी भाऊबंदकी माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि आचाऱ्याचा माणूस विचारून गेला की बट्ट्या तळायला घेऊ का.

मी सदरा काढला आणि बसलो.

डोळे मिटून घेतले होते, कारण डोक्यावरून गार पाणी ओघळत होतं आणि डिसेंबर होता. वस्तरा चालला. मागून, वरून, कानाभोवती. मी मनात स्वतःचीच समजूत घालत होतो की केस काय, येतील. तेवढ्यात वरच्या ओठावर काहीतरी गार लागलं. मी डोळे उघडेपर्यंत उजवी बाजू गेली होती.

"सुकलाल!"

सुकलालचा चेहरा पांढरा पडला. "भाऊ, हात चालत गया हो. पुरं डोकं करानी सवय ती दहावानीच शे. डोकं व्हयनं का मिशी, डोकं व्हयनं का मिशी. माले ध्यानच नही ऱ्हायनं."

एका मिशीचा माणूस समाजात वावरू शकत नाही. मी मान वर केली आणि दुसरीही काढायला सांगितली. मला कोणी विचारलं नाही, हा विचार तेव्हा माझ्या मनात आला, पण तो कोणाला ऐकवण्यासारखी ती वेळ नव्हती.

नवीन जवळ आला. "हात लावू का?" त्याने विचारलं. मी हो म्हटलं. त्याने माझ्या टाळूवरून तळहात फिरवला, पुढून मागे, मागून पुढे. मग माझ्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघत राहिला.

"नको," तो म्हणाला. "थँक यू."

"नक्की?" कुंदनने विचारलं.

"नक्की. छान नाही दिसत."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला तो नातू नको होता, हॉलंड नको होतं, कुंदनचं शिक्षणही नको होतं. गर्दीतून आवाज यायला लागले. "धरा त्याले." "इतलासा पोऱ्या नि बठ्ठा भाऊबंदसले नाचाडी ऱ्हायना." नवल मामाने झटकन हात लांबवून नवीनला मांडीवर ओढलं. पोर रडलं नाही. ताठ झालं आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. कुंदनकडे नाही, पुनमकडे नाही, माझ्याकडे. सुकलालच्या दुकानात माझ्यासाठी मध्ये उभं राहिलेलं पोर ते.

"नवल," मी म्हणालो, "सोड त्याला."

"आबा, आता एवढं झाल्यावर..."

"मी त्याला शब्द दिलाय. सोड."

नवलने सोडलं. आता रुपचंदला तोंड कसं दाखवायचं, हे मला कळेना. तीन घरची पोरं, आचारी, ढोलवाले, धुळ्याहून आलेले व्याही, आणि मध्यभागी मी, नारळासारखा. रुपचंदची सून आपल्या पोराचा हात धरून गाडीकडे निघालीसुद्धा.

तेव्हा खुर्चीतून आई बोलली. "थांब व माय. कोठे चालनी?"

ती थांबली.

"थोरलाना पहिले धाकलाना केस निंघत नहीत, हाऊच नेम शे ना?" आईने सगळ्यांना विचारलं. "मंग हाई बठ्ठा भाऊबंदसमा थोरला कोन शे? मना हिलाल. त्यानं डोकं व्हयनं. देवीले थोरलाना केस भेटनात. आते धाकलासले बसाडा. बट्टी गार व्हई जाई."

भाऊबंदकीत हरकत घेणारे पुष्कळ आहेत, पण आईला हरकत घेईल असा कोणी उरलेला नाही. एकाने विचारून पाहिलं की जाऊळ म्हणजे जन्माचे केस लागतात, हे तर साठीतले. आई म्हणाली, "त्याना जनम मना समोरच व्हयेल शे. माले सांगू नको." रुपचंदने नातवाला उचललं, त्याच्या मामाच्या मांडीवर टाकलं. पोराने पंचक्रोशी हादरवली, कोणी त्याला काही विचारलं नाही, आणि वस्तरा फिरला. रुपचंदने डोळे पुसले आणि मला बट्टीवर ताजं तूप वाढलं. नवीन मामाच्या दुसऱ्या बाजूला बसून त्या रडणाऱ्या पोराच्या पाठीवरून हात फिरवत होता. आधी विचारून.

इथे सगळं संपायला हवं होतं. पण झुलालभाऊंनी फोटो काढले होते, आणि त्यातला एक त्यांनी वाटेत गाडीतूनच गल्लीच्या ग्रुपवर टाकला. त्या फोटोत मी आहे. डोकं गुळगुळीत, मिशी नाही, अंगावर पांढरं उपरणं, चेहरा पडलेला. मागे लोक जमिनीवर पंगतीत जेवतायत. आई त्या फोटोत नाही. खाली झुलालभाऊंनी लिहिलं होतं, 'भाऊंच्या मातोश्रींच्या इच्छेनुसार विधी पार पडला.' त्यांना म्हणायचं होतं ते वेगळं. पण हा फोटो गल्लीतून दीपनगरच्या निवृत्त मंडळींच्या ग्रुपवर गेला, तिथून असोद्याला गेला, आणि आम्ही रात्रीचे घरी येऊन झोपलो तोवर जळगाव जिल्ह्याने माझ्या आईला भावपूर्ण श्रद्धांजली वाहून टाकली होती.

सकाळी दार उघडलं तर फाटकाशी माझे जुने सहकारी उभे, हात मागे बांधून. "हिलाल, धीर धर," एकाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पिकलं पान होतं." मी काही बोलणार तोच आतून आईचा आवाज आला, "कोन वनं रे?" त्याचा हात खांद्यावरच राहिला.

त्यांना आत बसवलं, चहा सांगितला, तर कोणी कप उचलेना. समोर आई खाटेवर मेथी निवडत बसलेली दिसत होती, तरी सवयीने मन मानेना. दुखवट्याच्या घरी चहा कसा घ्यायचा! अकरा वाजेपर्यंत अंगणात चपलांचा ढीग झाला. मी प्रत्येकाला समजावत होतो, आणि माझं डोकं बघून, आत जाऊन आईला बघेपर्यंत, प्रत्येकाला वाटत होतं की दुःखाने मला भ्रम झाला आहे. असोद्याहून माझी चुलती दगडीबाई आली. तिचं आणि आईचं एका बांधावरून बोलणं बंद होतं, कितीतरी वर्षांपासून. ती फाटकापासूनच गळा काढत आली, "मनी जाऊ कशी गयी वं मायऽऽ, लाख मोलनी बाई व्हतीऽऽ," आणि दारात येऊन थांबली. आईने मेथीची काडी खाली ठेवली.

"आनखी म्हन," आई म्हणाली. "काबरं थांबनी?"

दगडीबाई आईच्या शेजारी बसली आणि दोघी आधी रडल्या, मग हसल्या, मग मेथी निवडू लागल्या. दगडीबाईचा तेवढा एकच चहाचा कप त्या सकाळी संपला.

दुपारी घर रिकामं झालं. मी दमून आईच्या खाटेशी खाली बसलो. मला वाटलं होतं ती गंमतीत आहे. पण ती माझ्या डोक्याकडे बघत होती आणि हसत नव्हती.

"हिलाल, नातूले कितला दिन इचारत ऱ्हायनात तुम्हीन," ती म्हणाली. "केस काढू का, मिठी मारू का, आंगले हात लावू का. चांगलं शे. मी काय वाईट नही म्हनत. पन मी जित्ती तठे खुर्चीवर बठेल व्हतू. डोकं करानी पहिले माले एक डाव तरी इचारं का?"

मी मान खाली घातली.

"मना लगीनमा माले इचारं नही. नाव बदलं, ते बी इचारं नही. गाव सोडीसन आठे लयनात, तव्हय बी नही. आते मारी टाकं, ते बी इचारं नही." ती हे रागाने म्हणाली नाही. आज कोणती भाजी केली ते सांगावं तसं म्हणाली, आणि म्हणूनच मला ते फार लागलं.

तेवढ्यात झोप काढून नवीन आला. वेण्या सुटल्या होत्या. तो खाटेशी उभा राहिला आणि आईकडे बघून म्हणाला, "पणजी, मी तुझ्या मांडीवर बसू का?"

"काय म्हनस हाऊ?" आईने मला विचारलं.

"इचारस, तुनी मांडीवर बसू का."

आईने त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. पोरं तिच्या मांडीवर आजवर नुसती येऊन पडत आली होती. माझी मुलं, रुपचंदची मुलं, गल्लीतली कोणाकोणाची मुलं. नवीन हात मागे घेऊन थांबला होता.

"नही," आई म्हणाली. "पाय दुखतस मना."

मी ते नवीनला सांगितलं. "ओके," तो म्हणाला, आणि खाटेच्या कडेला, तिच्यापासून वीतभर लांब बसला, आणि मेथीची एक काडी हातात घेऊन बघू लागला.

आईने थोडा वेळ वाट पाहिली. काहीच झालं नाही. कोणी रुसलं नाही, कोणी ओरडलं नाही. "देख," ती मला हळूच म्हणाली, "मी नही म्हनं, तं आयकं त्यानी." आणि तिला हसू फुटलं, पदर तोंडाला लावावा लागला इतकं.

"माय," मी विचारलं, "चहा ठेवू का तुला?"

चहा ती कधीच नाकारत नाही. ती माझ्या गुळगुळीत डोक्याकडे बघत बराच वेळ विचार करत बसली.

"नही," ती म्हणाली, आणि पुन्हा हसायला लागली.